देगलूरच्या वांग्याचं बी लातूरला नेताना

आर्या आणि निखिल,

मागच्या उन्हाळ्यात मी तुमच्याकडे कॅल्गरीला होते, तेव्हा तुम्ही घरामागे टोमॅटो लावले होते. बियांच्या पाकिटावर लालबुंद टोमॅटोचं चित्र होतं आणि मागे तक्ता : किती खोल पेरायचं, किती अंतरावर, फळ किती दिवसांनी. मला ते पाकीट इतकं आवडलं की रिकामं झाल्यावर मी ते वहीत ठेवून दिलं. तुमची आजी नीटनेटकेपणाला भाळते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. या फेब्रुवारीत मी नांदेडहून लातूरला गेले. सरळ रस्ता सोडून भोकर, धर्माबाद, देगलूर, उदगीर असा मोठा वळसा घातला. त्या प्रवासात तसलं पाकीट मला एकदाही दिसलं नाही, आणि त्यापायी माझ्या हातून एक मोठी चूक झाली. तीही सांगणार आहे.

सुजाताशी तुम्ही फोनवर बोलला आहात. माझ्या धाकट्या बहिणीची, म्हणजे शांताची नात. परभणीला शेतकी शिकली आणि भाज्यांची पैदास हा विषय घेऊन एम.एस्सी. झाली. पैदास म्हणजे दोन वाणांचा संकर करून त्यांच्यातले चांगले गुण तिसऱ्यात आणायचे. तिच्या वर्गातली बरीच मुलं जालन्याच्या बियाणे कंपन्यांमध्ये लागली. हिच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट होती. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चढला की वांग्याची आणि टोमॅटोची फुलं गळतात, फळ धरत नाही. ती धरतील असा वाण तिला करायचा आहे.

थायलंडमधल्या एका केंद्रात उष्ण प्रदेशातल्या भाज्यांच्या पैदाशीचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण असतं. तिथे चमकलं तर पुढे दोन वर्षं संशोधनाची जागा. आपल्या भागातून एकाच उमेदवाराचं नाव जाणार होतं आणि निवड लातूरला होती. अट अशी की उमेदवाराने स्वतः फिरून तीन गावरान वाणांचं बी आणायचं, आणि ते कुणी जपलं, कसल्या जमिनीत वाढतं, कसं शिजवतात, ही माहितीही. शिवाय हातचं काम आणि मुलाखत.

सुजाताच्या आईला दहावीच्या परीक्षेची ड्युटी होती, शांताचे गुडघे तिला जिना उतरू देत नाहीत. मी म्हटलं, "मी जाते हिच्याबरोबर."

"मोठी आजी, तुम्ही मला नियम लावाल," सुजाता म्हणाली.

"लावीनच," मी म्हटलं, आणि बॅग भरायला घेतली.

भोकर

गाडी लतीफभाईंची. त्यांच्या आजोबांचा नांदेडात टांगा होता, वडिलांची रिक्षा होती, आणि आता ही पांढरी गाडी. मला ते टीचर म्हणतात, कारण त्यांच्या मुलीला मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं. ती आता हैदराबादला नोकरी करते, हे त्यांनी भोकर येईपर्यंत मला तीनदा सांगितलं. मी तिन्ही वेळा नव्याने ऐकलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळदीची काढणी चालली होती. मोठमोठ्या कढयांत हळद शिजत होती आणि गाडीच्या काचा बंद असूनही तो ओला, मातकट वास आत येत होता. भोकरच्या अलीकडे काळी जमीन संपते, माळ सुरू होतो आणि सागाची झाडं दिसू लागतात.

कौसल्याबाई शांताच्या ओळखीच्या. जय भीम झालं, पाणी झालं, आणि सुजाता लगेच वांग्याच्या वाफ्यात जाऊन बसली. बसली म्हणजे मातीत मांडी घालूनच. जांभळं, बुटकं, देठाला काटे असलेलं वांगं होतं ते. कौसल्याबाई त्याचं बी सासूपासून जपत आल्या आहेत.

"काटे बघून गिऱ्हाईक नाक मुरडतंय," त्या म्हणाल्या. "पर एकदा भरीत खाल्लं की दुसऱ्या बाजाराला तेच गिऱ्हाईक हुडकत येतंय."

भरीत आम्हीही खाल्लं, ज्वारीच्या भाकरीबरोबर. लतीफभाईंनी तिसरी भाकरी घेतली तेव्हा कौसल्याबाई म्हणाल्या, "भाऊ, गाडी चालवायची हाय का झोपायचं हाय?"

निघताना त्यांनी आढ्याला टांगलेली एक पुरचुंडी काढून दिली. जुन्या लुगड्याचं हिरवं फडकं, त्यात राख आणि राखेत बी. राखेमुळे कीड लागत नाही. सुजाताने ती पुरचुंडी तशीच पिशवीत ठेवली.

"वर नाव लिहीत नाहीस?" मी विचारलं.

"फडकंच नाव आहे, आजी. प्रत्येकीचं फडकं वेगळं, गाठ वेगळी. मी तिकडे तसंच दाखवणार आहे, फोटोसकट."

मला ते काही पटलं नव्हतं.

धर्माबाद, आणि पुढे देगलूर

धर्माबादेत मिरचीचा हंगाम होता. गावाबाहेरच्या मैदानांवर जमीन दिसतच नव्हती, सगळीकडे लाल मिरची वाळत घातलेली. आम्ही उतरलो आणि तिघेही शिंकायला लागलो. मिरच्या उलटणाऱ्या बाया तोंडाला पदर बांधून आमच्याकडे बघून हसत होत्या. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आपल्या ठेवणीतल्या आखूड, जाड मिरचीचं बी पुरचुंडीत बांधून दिलं, आणि आम्ही गाडीत बसेपर्यंत लतीफभाईंनी छत्तीस शिंका मोजल्या. आकडा त्यांचा आहे, मी फक्त नोंदवते.

गोदावरी ओलांडली आणि भाषा बदलत गेली. देगलूरच्या बाजारात एकच बाई भाव मराठीत सांगते, घासाघीस तेलुगूत करते आणि सुटे पैसे मागताना उर्दूवर येते. मी चाळीस वर्षं एक भाषा शिकवली, आणि तीसुद्धा पोरांच्या तोंडात नीट बसली नाही.

नरसव्वांची वाडी देगलूरपासून अर्ध्या तासावर. सुजाताच्या एका वर्गमित्राने त्यांच्याबद्दल सांगितलं होतं. सगळ्या प्रवासाचं कारण खरं म्हणजे त्याच होत्या. वय माझ्याएवढंच, हात माझ्या दुप्पट. त्यांचं वांगं हिरवं, पांढऱ्या पट्ट्यांचं, बिनकाट्याचं. त्या त्याला वंकाय म्हणतात. सगळ्या शिवारात वैशाखात फुलं गळतात तेव्हा ह्यांच्या झाडाला फळ असतं.

"खरंच धरतं का अव्वा, मे महिन्यात?" सुजाताने विचारलं.

"खोटं सांगून मला काय भेटतंय? मागल्या वैशाखात ह्याच झाडाचं शेजारणीच्या लग्नात वाढलं."

मग सुजाताने प्रश्नांची सरबत्ती लावली. पेरता कधी, रोप कधी लावता, पहिलं फळ कितव्या दिवशी, पानाला लव असते का. पट्टी लावून पान मोजलं, फुलाचा फोटो काढला, माती कागदात बांधली. नरसव्वा थोडा वेळ बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "अम्मा, ही पोर शिकायला आली का माझी परीक्षा घ्यायला?"

"परीक्षा तिचीच आहे," मी म्हटलं. "तुमच्या वांग्यावर पास व्हायचंय तिला."

"मंग हुईल की. माझं वंकाय नापास न्हाई होत."

त्यांनी अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या वाढल्या. बी देताना पैसे काढले तर रागावल्या. बी विकत नाहीत त्या. "ने तू. पुढल्या साली माझं बी मेलं तर तू मला आणून दे. असंच चालतंय आमच्यात." त्यांची पुरचुंडी तांबड्या फडक्याची, सुताने गुंडाळलेली, आत तशीच राख.

तुमच्या पाकिटावर छापलेलं असतं की हे बी दुसऱ्याला देऊ नये. नरसव्वांकडे बी दुसऱ्याला दिलं तरच ते आपलं राहतं. मी गाडीत बसून हे वहीत लिहिलं, तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी ते उतरलं.

उदगीर

उदगीरला आम्ही लॉजमध्ये उतरलो. पुढच्या सकाळी सातला लातूरजवळच्या संशोधन केंद्रात हजर व्हायचं होतं. दुपारी सुजाता माहितीचे कागद छापून आणायला बाजारात गेली. मी खोलीत एकटी.

टेबलावर त्या तीन पुरचुंड्या होत्या. कळकट, राखेच्या. मला वाटलं, एवढ्या मोठ्या लोकांसमोर ही पोर असल्या चिंध्या घेऊन उभी राहणार! माझ्याकडे नवी पांढरी पाकिटं होती आणि चांगलं पेन होतं. मी माझा पांढरा टॉवेल पलंगावर अंथरला, लॉजच्या पोऱ्याकडून चहाची गाळणी मागून आणली, राख चाळून काढली आणि तीन ढीग केले. डावीकडे भोकर, मध्ये मिरची, उजवीकडे देगलूर. फडकी न्हाणीघरात नेऊन साबणाच्या पाण्यात भिजत घातली.

तेवढ्यात लतीफभाईंनी दार वाजवलं. त्यांच्या हातात चहा आणि भज्यांची पुडी होती. पलंगावर जागा करायला मी टॉवेल उचलला, अलगद, एकही बी न सांडता, आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. चहा झाला. लतीफभाई गेले. मी पेन उघडून कट्ट्यापाशी आले.

मिरचीचं बी मध्ये होतं. त्याच्या दोन बाजूंना वांग्याचे दोन ढीग, सारख्याच रंगाचे, सारख्याच आकाराचे. टॉवेल ठेवताना मी तो फिरवला होता की नव्हता?

मुलांनो, मी दहा मिनिटं तिथे उभी होते. पलंगापासून खिडकीपर्यंत रिकाम्या हातांनी दोनदा चालूनसुद्धा पाहिलं, हात कसे वळतात ते. काही आठवेना.

सुजाता आली. तिने टॉवेल पाहिला, न्हाणीघरातली बादली पाहिली. मी सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि नुसती दोन ढिगांकडे बघत राहिली. तिच्या सगळ्या अर्जाचा कणा देगलूरचं बी होतं. ते आता कुठलं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

लतीफभाई म्हणाले, "देगलूर कितीसं लांब हाय? मी निघतो. आठपर्यंत बी घेऊन परत. फिकर नक्को करो, टीचर."

सुजाताने नरसव्वांच्या मुलाच्या फोनवर फोन लावला. पलीकडून नरसव्वांचा मोठा आवाज मलाही ऐकू येत होता.

"आता दिवा लागायची येळ झाली, पोरी. दिवा लागला की बी घराबाहेर निघत न्हाई. सकाळी ये."

"सकाळी सातला माझी परीक्षा आहे, अव्वा."

"मंग कसं करावं? माझ्या सासूनं मोडलं न्हाई, मी मोडू का?" मग म्हणाल्या, "पर झालं काय? माझं फडकं कुठं हाय?"

सुजाता माझ्याकडे बघून म्हणाली, "धुतलं."

पलीकडे इतकं हसू फुटलं की फोन कानापासून लांब धरावा लागला. "त्या मास्तरीण बाईनं का? अगं, बी काय भांडं हाय का घासायला!"

हसणं थांबल्यावर त्यांनी फोन ठेवला. बी काही मिळालं नाही. सुजाताने दोन पाकिटं घेतली, माझ्याच चांगल्या पेनने एकावर 'अ' आणि दुसऱ्यावर 'ब' लिहिलं. दोन्हीखाली लिहिलं : भोकर किंवा देगलूर, खात्री नाही.

"तू सरळ सांग, आजीनं गोंधळ घातला म्हणून," मी म्हटलं.

"बी गोळा करणारी कोण? मी. मग चूक माझी. आणि आजी, तुम्ही तिथे मध्ये बोलायचं नाही." मला नियम लावला तो असा.

लातूर

पहाटे निघालो. मळवाटेने केंद्रात पोचलो तेव्हा ऊन नुकतंच पडलं होतं. उमेदवार सात-आठ होते. निवड करणाऱ्या मुख्य मॅडम सडपातळ, पांढऱ्या केसांच्या, पायांत चिखलाचे बूट. त्यांनी सगळ्यांना आधी वांग्याच्या शेतात नेलं.

काम असं : उद्या उमलणारी कळी निवडायची, चिमट्याने तिच्या पाकळ्या हळूच उघडायच्या आणि आतले पाच पिवळे पुंकेसर एकेक करून काढायचे. मधल्या नाजूक दांडीला, म्हणजे स्त्रीकेसराला, धक्का लागता कामा नये. मग दुसऱ्या वाणाचा पराग त्यावर लावायचा, कागदी टोपी घालायची आणि चिठ्ठी बांधायची. त्या एका फुलातून पुढे नवा वाण निघू शकतो.

बांधावर उभं राहून मी एक कळी तोडली आणि केसातल्या पिनेने करून पाहिलं. पहिल्याच हिसक्याला सगळं फूल हातात आलं. सुजाताचा हात मात्र तांदूळ निवडावा तसा चालला होता, घाई नाही आणि थांबणंही नाही. एका मुलाच्या तीन कळ्या मोडल्या. तिची एकही नाही. मॅडम तिच्यामागे बराच वेळ उभ्या होत्या.

मुलाखतीच्या खोलीचं दार उकाड्यामुळे उघडंच होतं. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले, लतीफभाई शेजारी. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"अ आणि ब?" मॅडमचा आवाज. "खात्री नाही? हे काय आहे?"

सुजाताने सांगितलं की वाटेत दोन वाणांची सरमिसळ झाली नाही, पण कुठलं कुठलं हे हरवलं. "मी घेतानाच पाकिटावर लिहायला हवं होतं, मॅडम. चूक माझी आहे."

"कुठलंही एक नाव लिहून टाकलं असतं तर आम्हाला कळलंही नसतं."

"पुढे कळलं असतं. चुकीच्या वाणावर दोन वर्षं काम झालं असतं."

"आणि ज्या मुलीला दोन पुड्या सांभाळता येत नाहीत, तिला आम्ही इतक्या लांब का पाठवावं?"

मी उठले. लतीफभाईंनी माझ्या पदराचं टोक धरलं आणि मान हलवली. मी बसले. आयुष्यात मी इतकी गप्प कधी बसले नव्हते.

सुजाता म्हणाली, "भोकरचं वांगं जांभळं आहे, देगलूरचं हिरवं. जांभळ्याचं रोप उगवतानाच त्याच्या दांडीवर जांभळट झाक असते, हिरव्याची दांडी स्वच्छ हिरवी. दोन्ही कुंडीत पेरली तर दोन-तीन आठवड्यांत रोपंच सांगतील कोण कुठलं ते. मी पाकिटांतलं निम्मंच बी पेरीन, निम्मं तसंच ठेवीन. आणि नरसव्वांनी बी जपलंय, ते मे महिन्यात फळ धरतं, हे मी स्वतः पाहिलेलं नाही. तेवढं तपासायलाच मला तिकडे जायचंय."

आत थोडा वेळ कागदांची सळसळ. मग मॅडमनी विचारलं, "घरची शेती आहे?"

तुम्हाला एक सांगते. कॉलेजात असताना हा प्रश्न मला लोकांनी किती तरी वेळा विचारला, आणि दर वेळी मी म्हणत असे, "हो, थोडी आहे गावाकडे." ते खोटं होतं. का बोलत होते, ते तुम्ही मोठे झालात की समजेल.

सुजाताने आवाज जराही न उतरवता उत्तर दिलं, "नाही, मॅडम. आम्हाला कधीच जमीन नव्हती. माझी पणजी लोकांच्या वांग्यात खुरपायला जायची. तिला कुठलं झाड वैशाखात टिकतं ते लांबून कळायचं, असं आजी सांगते."

ती पणजी म्हणजे माझी आई. मी व्हरांड्यात समोरच्या कडुनिंबाकडे बघत बसले. लतीफभाईंनी पाण्याची बाटली पुढे केली आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

निकाल दुपारनंतर होता. मधल्या वेळात आम्ही लातूर गावात जाऊन सुशीला खाल्ली. घाबरू नका, हे पदार्थाचं नाव आहे : भिजवलेले चुरमुरे, कांदा, मिरची, दाण्याचं कूट, वरून कोथिंबीर. सुजाताने दोन घासांत बशी बाजूला सारली. मी माझी संपवली, तिचीही संपवली. मला काळजीत भूक लागते.

परत गेलो तेव्हा मॅडम व्हरांड्यातच होत्या. सुजाताला म्हणाल्या, "तुझं नाव पाठवते आहे. पण जायच्या आधी 'अ' आणि 'ब' मला इथे उगवून दाखवायचे. रोपं पाहिल्याशिवाय मी कागदावर सही करणार नाही."

"दाखवते, मॅडम."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आपण आजी का? हात कुणाकडून आलाय हिला?"

"तिच्या पणजीकडून," मी म्हटलं. ह्या वेळी अडखळले नाही.

सुजाताने आधी आईला फोन केला, मग शांताला. शांता इतकी रडली की सुजाताला वाटलं नापासच ऐकलं बहुतेक तिने. मग लावला नरसव्वांना. नरसव्वांनी सगळं ऐकून घेतलं. अभिनंदन वगैरे काही नाही. "म्हटलं होतं की न्हाई मी?" एवढंच. मग विचारलं, "तिकडं ऊन हाय का?"

"लई आहे, अव्वा. आपल्यापेक्षा दमट."

"मंग त्या लोकांना सांग. वैशाखात दुपारचं पाणी देऊ नका म्हणावं. दुपारी दिलं की फूल गळतंय. सांजच्याला द्या, बुडाशी. आणि माझं नाव सांगून सांग, न्हाई तर ऐकायचे न्हाईत."

"त्यांना इंग्रजीत लागतं, अव्वा."

"मंग मास्तरीण बाईला सांग लिहायला. तेवढं तरी करू दे तिला."

मी तिथेच बाकावर बसून लिहिलं, नरसव्वांच्या नावासकट, शुद्ध आणि सुवाच्य. सुजाताने वाचलं, पेन मागून घेतलं आणि माझे दोन शब्द खोडून त्यांच्या जागी शेतकीतले नेमके शब्द घातले. माझ्या इंग्रजीवर आजवर कुणी पेन चालवलं नव्हतं. मी तो कागद दोनदा वाचला. तिचंच बरोबर होतं.

तुमची,
आजी